तीन पाण्यांनी धुतलेला कॅन

जगात दोन प्रकारची माणसं असतात. एक, पेला हातात आला की पाणी पिणारी. दुसरी, पेला उजेडाकडे धरून आत काय तरंगतंय ते आधी बघणारी. गाळीवराव दुसऱ्या प्रकारातले, आणि त्या प्रकारातही अव्वल. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत ते सव्वीस वर्षं पाणी तपासत होते. गाळीवराव हे नाव केंद्रातल्या मंडळींनी ठेवलेलं. ते प्रेमानं ठेवलंय अशी त्यांची समजूत होती, आणि ती मोडायला कधी कोणी गेलं नाही.

घरी येणारं पाणी त्यांच्याच केंद्रातलं, त्यांच्याच सहीनं सुटलेलं. पण म्हणून काय त्यावर विश्वास ठेवायचा? त्यांनी न्हाणीघरातल्या नळाला स्वतःच्या हातानं एक यंत्र जोडलं होतं. तीन नळकांडी, आत बारीक पिवळे दाणे, वर पितळी झाकण. त्यातून जे पाणी पडे त्यात क्षार औषधालासुद्धा नसत. साबणाला फेस इतका येई की तो धुता धुता माणूस कामावर उशिरा पोचे. साऱ्या शहरात असं पाणी दुसऱ्या कुठल्याही नळाला येत नाही, हे गाळीवराव पाहुण्यांना सांगत. नुसतं सांगून थांबत नसत. पाहुणा खुर्चीला टेकायच्या आत त्याला न्हाणीघर दाखवत.

त्यांना एकच मुलगी. ती रक्तपेढीत नोंदणीच्या टेबलावर काम करायची. पिशवी तयार, दवाखान्यात रुग्ण तयार, आणि मधे गाडी चालवायला माणूस नाही, हे तिनं दोन वर्षं टेबलामागून पाहिलं होतं. शेवटी तिनं वरिष्ठांना सांगितलं, की गाडी मी चालवते. वरिष्ठ म्हणाले, सोमवारपर्यंत परवाना दाखव आणि किल्ली घे. नाहीतर बाहेरचा माणूस ठरलेलाच आहे. परवान्याच्या चाचणीत ती याआधी दोनदा नापास झाली होती. पहिल्यांदा आरशात बघायला विसरली. दुसऱ्यांदा सगळं सुरेख चाललं होतं, पण चाचणीच्या मैदानाच्या कुंपणाबाहेरून गाळीवराव "ब्रेक!" म्हणून ओरडले आणि तिनं भर चौकात ब्रेक लावला. आता शुक्रवारची तिसरी चाचणी. ही गेली तर पुढली तीन महिन्यांनी, म्हणजे किल्लीही गेली.

दुसऱ्या वेळचं पाप डोक्यावर असल्यामुळे गाळीवरावांनी या खेपेला कंबर कसली. चाचणीला घरचीच गाडी न्यायची होती. तिचं तेल, चाकांची हवा, दिवे, काचेच्या पुसण्या, सगळं त्यांनी यादी करून तपासलं. राहिलं पेट्रोल. पेट्रोल ही एकच वस्तू अशी होती, की जी त्यांच्या गाडीत न तपासता जात असे. पंपावरच्या नळीत काय असतं, कोणी पाहिलंय?

"या वेळी गाडी अडखळली तर माझं नाव बदला," ते बायकोला म्हणाले.

"ते लोकांनी कधीच बदललंय," बायको म्हणाली. ती समोरच्या शाळेत ग्रंथपाल होती आणि नवऱ्याची यादी तिनं पुस्तकात खूण म्हणून ठेवली होती.

मग आठ दिवस घरात जो सोहळा चालला तो पाहायला शेजारी गच्चीवर येऊन उभे राहत. टाकी जवळजवळ रिकामी होती. गाळीवरावांनी पाच लिटरचा एक पत्र्याचा कॅन आणला. रोज संध्याकाळी तो न्हाणीघरातल्या त्या पवित्र नळाखाली तीन पाण्यांनी धुवायचा. प्रयोगशाळेचा नियमच आहे: नमुन्याचं भांडं तीनदा विसळायचं आणि आतून पुसायचं कधीच नाही, कारण फडक्याचे धागे राहतात. मग कॅन तसाच उचलून पंपावर जायचं, त्यात पेट्रोल घ्यायचं, घरी आणायचं, आणि नरसाळ्यावर चौपदरी मलमल लावून गाळून टाकीत ओतायचं. नरसाळं आणि मलमलसुद्धा त्याच पाण्यानं तीनदा धुतलेली. मलमल पिळायची नाही, पिळलं की वीण सैल होते. ओल्या मलमलीतून पेट्रोल फार हळू उतरे. जितकं हळू तितकं गाळण चांगलं, असं म्हणून गाळीवराव एका पायावर उभे राहून समाधानानं बघत.

बायकोनं एकदा विचारलं, की पेट्रोल म्हणजे काय पालेभाजी आहे का, इतकी धुवायला. त्यावर तिला स्वच्छतेवर पाऊण तास ऐकावं लागलं. त्यानंतर तिनं विचारलं नाही. लेक आठही दिवस शिकवणीच्या गाडीवर सराव करत होती, त्यामुळे घरची गाडी जागची हलली नाही. गुरुवारी आठवा कॅन पडला आणि टाकी काठोकाठ भरली. शहरात इतकं शुद्ध पेट्रोल दुसऱ्या गाडीत नसेल, असं गाळीवराव जेवताना म्हणाले. नसेलच, यात शंका नाही.

शुक्रवारी सकाळी तिघं निघाले. लेक चालवत होती, गाळीवराव शेजारी, बायको मागे पुस्तक घेऊन. पहिली दहा मिनिटं गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. मग पोस्टाच्या कोपऱ्यावर तिनं एक उचकी दिली. पुढे दुसरी. दवाखान्यापाशी तिनं असा गचका खाल्ला, की बायकोच्या पुस्तकाची वीस पानं एकदम उलटली.

"बाबा, गाडी अडखळतेय."

"गाडी नाही अडखळत. तू क्लच सोडतेस धसकन."

लेक म्हणाली, की नाही, क्लच ती नीटच सोडतेय. गाळीवरावांनी तिला समजावलं, की इंजिन तपासलंय, हवा तपासलीय आणि पेट्रोलचं तर बोलायलाच नको. मग राहिलं काय? राहिला तुझा डावा पाय. ते हे अगदी शांतपणे, शास्त्रीय पद्धतीनं बोलले, आणि म्हणून ते जास्त लागलं. लेकीनं नजर रस्त्यावरच ठेवली. तिचे कान लाल झाले होते. बायकोनं मागून नवऱ्याच्या खांद्यावर पुस्तक ठेवलं, जरा जोरातच.

चाचणीच्या मैदानात परीक्षक उभे होते. आडवा बांधा, हातात वही, कानावर पेन्सिल. हा माणूस हसत नाही आणि सहसा पासही करत नाही, अशी त्यांची ख्याती होती. ते गाडीत बसले आणि वही उघडली. गाळीवरावांना बायकोनं कुंपणाबाहेर नेलं आणि काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही, असं बजावलं.

खांबांमधून वळणं झाली. गाडीनं दोन उचक्या दिल्या, पण लेकीनं एकही खांब हलू दिला नाही. मग चढ आला. हा चढ म्हणजे मैदानाच्या मधोमध बांधलेला एक उंच उतरता-चढता पूल. त्याच्या मध्यावर थांबायचं आणि पुन्हा निघायचं. लेक मध्यावर थांबली. निघायला गेली, आणि गाडीनं एक लांब उसासा टाकून प्राण सोडला.

गाळीवरावांनी डोळे मिटले, पण पुन्हा उघडले, कारण न बघणं त्यांना जमत नसे. आणि मग त्यांनी जे पाहिलं ते पुढे कित्येक दिवस ते भेटेल त्याला सांगत होते.

लेकीनं हातब्रेक ओढला आणि धोक्याचे दिवे लावले. दोनदा किल्ली फिरवून पाहिली. इंजिन हूं का चूं करीना. तिनं आरशात पाहिलं. मागे तिच्यानंतरच्या उमेदवाराची गाडी चढाच्या पायथ्याशी येऊन टेकली होती. मग ती परीक्षकांकडे वळून काहीतरी म्हणाली, आणि काय आश्चर्य, ते आडव्या बांध्याचे परीक्षक मुकाट्यानं कडेच्या बाजूनं उतरले, चढाखाली गेले आणि मागच्या गाडीला हातांनी खुणा करून मागे हटवू लागले! रस्ता मोकळा झाल्यावर लेकीनं मान मागे वळवली, हातब्रेक सोडला आणि ती मेलेली गाडी उलटी, चढावरून खाली घेऊन आली. इंजिन बंद असलं की चाक दगडासारखं जड होतं आणि ब्रेकवर दोन्ही पायांचं वजन टाकावं लागतं. तरी गाडी हळूहळू, एका रेषेत, दोन्हीकडच्या खांबांमधून उतरली आणि कडेच्या मोकळ्या जागेत जाऊन थांबली. लेक उतरली, गाडीच्या मागे लाल त्रिकोण मांडला, किल्ली खिशात टाकली आणि परीक्षकांना म्हणाली, "सर, पुढच्या गाडीला येऊ द्या."

गाळीवरावांचा आ वासलेला होता. ही आपली मुलगी? जिच्या सायकलची सीट आपण तीन वर्षं धरून पळत होतो, ती ही? सव्वीस वर्षांत त्यांनी काचेच्या नळीत पुष्कळ अद्भुत रंग पाहिले होते, पण असं काही पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात त्यांना आठवलं, की गाडी बंद पडली आहे, म्हणजे चाचणीही बंद पडली आहे. झालं. बायकोचा हात सुटला आणि गाळीवराव कुंपणावरून पलीकडे. विजारीचा थोडा भाग कुंपणावरच राहिला. त्याच अवस्थेत ते परीक्षकांसमोर उभे राहून ओरडू लागले, की मुलीचा दोष नाही, गाडीचा नाही, दोष पेट्रोलचा आहे. गचके, उसासा, चढावर बंद पडणं, ही सगळी पेट्रोलमध्ये पाणी असल्याची लक्षणं आहेत, आणि पाण्यातलं आम्हाला कळतं. पंपवाल्यांनी घात केला. चाचणी पुन्हा घ्या, आत्ताच्या आत्ता घ्या, नाहीतर मी वरपर्यंत जाईन.

परीक्षकांनी कानावरची पेन्सिल काढली. "लेखी आणा," ते म्हणाले. "पेट्रोलमध्ये पाणी होतं आणि ते कुठून आलं, दोन्ही लेखी. पाच वाजेपर्यंत, माझ्या कार्यालयात."

एवढं पुरे होतं. लेक आणि बायको काही बोलायच्या आत गाळीवरावांनी लेकीकडून किल्ली घेतली, एका टेम्पोला दोर बांधून गाडी ओढायला लावली आणि ते गॅरेजकडे निघालेसुद्धा.

गॅरेज एका साठीच्या बाईंचं होतं. सारं गाव त्यांना मावशी म्हणे. मावशींनी कानामागे हात धरून किल्ली एकदा फिरवायला सांगितली, ऐकलं आणि म्हणाल्या, की इंजिनाला काही झालेलं नाही, त्याला तहान नसताना पाणी पाजलंय. त्यांनी टाकी खालून सोडली आणि तळाचं सगळं एका मोठ्या काचेच्या बरणीत धरलं. दहा मिनिटं कोणी बरणीला हात लावला नाही. मग आत एक रेघ उमटली. वर पेट्रोल, खाली पाणी, चांगलं पाऊण लिटर. पाणी असं नितळ, की बरणीमागचा पाना दिसत होता. गाळीवराव त्या रेघेकडे बघतच राहिले. शत्रूचं असलं तरी पाणी देखणं होतं.

"इतकं स्वच्छ पाणी मी टाकीत कधी पाहिलं नाही," मावशी म्हणाल्या. "एरवी गंजाचं, चिखलाचं असतं. हे कोणी निगुतीनं घातल्यासारखं दिसतंय."

गाळीवरावांनी हे वाक्य ऐकलं, पण त्यात शिरले नाहीत. बरणी पोटाशी धरून ते पंपावर गेले. फाटकाशीच "फोन बंद ठेवा" अशी पाटी होती. नियम म्हणजे नियम; त्यांनी फोन बंद करून खिशात टाकला, आणि मग बरणी डोक्यावर धरून रांगेतल्या लोकांना व्याख्यान सुरू केलं. हे बघा, आमच्या टाकीतलं पाणी! एक मुलगी, तिची नोकरी, तिची तिसरी चाचणी, आणि हे पाणी. लोक गाड्यांतून उतरले. ज्याला त्याला बाटलीत आपापलं पेट्रोल बघायचं होतं. एकाला आठवलं, की गेल्या आठवड्यापासून त्याचा हॉर्न घोगरा झालाय, तो याच पेट्रोलनं. एका बाईंची गाडी विजेवर चालणारी होती, चाकात हवा भरायला आलेल्या. त्याही नुकसानभरपाई मागू लागल्या.

पंपाचे व्यवस्थापक शांत माणूस होते. त्यांनी एका लांब काठीला लेप लावून ती जमिनीखालच्या टाकीच्या तळापर्यंत सोडली. पाणी लागलं तर लेपाचा रंग बदलतो. काठी वर आली, रंग होता तसाच. त्यांनी सांगितलं, की सकाळपासून दोनशे गाड्या भरून गेल्या, एकही परत आली नाही. गाळीवराव म्हणाले, काठी तुमची, लेप तुमचा. जमिनीतलं पाणी झिरपून तुमच्या टाकीत येतंय, आणि ते मी माझ्या प्रयोगशाळेत सिद्ध करतो. व्यवस्थापक म्हणाले, करा. रांग मात्र तोवर रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती आणि पंप बंद ठेवावा लागला होता.

प्रयोगशाळेत दुपारी कोणी नसे. गाळीवरावांनी खिडकी उघडली, बाह्या सरसावल्या, बरणीच्या तळातलं पाणी नळीत घेतलं. चाचणी त्यांच्या दृष्टीनं पोरखेळ होती. त्या भागात जमिनीखालचं पाणी जड, क्षारांनी भरलेलं. अशा पाण्यात रंगाची चिमूट टाकली की ते लाल होतं, आणि मग दुसरं औषध थेंब थेंब टाकत ते निळं होईपर्यंत मोजायचं. पंपाच्या भागातलं पाणी म्हणजे चाळीसेक थेंब तरी लागणार. त्यांनी ड्रॉपर भरून तयार ठेवला आणि रंगाची चिमूट टाकली.

पाणी लाल झालंच नाही. एकदम निळं झालं. थेंबाची वाट न बघता, संध्याकाळच्या आभाळासारखं निळं.

गाळीवराव चक्रावले. याचा अर्थ या पाण्यात क्षार नव्हतेच. जमिनीतलं पाणी असं नसतं. नदीचं नसतं. खुद्द त्यांच्या केंद्राचंही नसतं. नळीच खराब असणार, असं म्हणून त्यांनी दुसरी घेतली आणि सवयीनं विसळली: एकदा, दोनदा, तीनदा. उलटी करून झटकली, पुसली नाही, आणि उजेडाकडे धरली. नळीच्या आत, काचेला चिकटून, पाण्याचे थेंब बसले होते. हलवलं तरी हलेनात.

ते त्या थेंबांकडे बघत उभे राहिले. नळी बोटाएवढी, तिच्यात इतके थेंब. कॅन केवढा? आणि कॅन किती? आठ. आणि नरसाळं. आणि न पिळलेली चौपदरी मलमल! साऱ्या शहरात ज्याला क्षार नाहीत असा नळ एकच, आणि तो कोणाच्या न्हाणीघरात आहे, हे त्यांनी आजवर किमान दोनशे पाहुण्यांना स्वतः दाखवलं होतं.

लाज वाटायची होती, पण ती जरा मागाहून आली. आधी वाटलं ते निव्वळ आश्चर्य. काय पुरावा होता! वाद घालायला सुईच्या टोकाएवढी जागा नव्हती. चोर इतक्या सफाईनं पकडल्याचं त्यांनी सव्वीस वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि चोर ते स्वतः होते. मग मात्र ते स्टुलावर बसले.

घड्याळात चार वाजत होते. समोर अहवालाचा छापील कागद. त्यात "काय आढळले" असा एक रकाना आणि "स्रोत" असा दुसरा. पहिल्यात त्यांनी लिहिलं: पेट्रोलमध्ये पाणी. हे खरं होतं. इथंच थांबलं तर खोटं काही नव्हतं. स्रोताचा रकाना कोरा ठेवायचा. परीक्षक समजायचं ते समजतील, पंपवाल्याचं नाव आपसूक जाईल, लेकीची चाचणी पुन्हा होईल, सोमवारी किल्ली मिळेल. आणि खरं लिहिलं तर? घरच्याच माणसानं टाकीत पाणी घातलं, म्हणजे दोष उमेदवाराच्याच घरचा. ती नापास. गाडी बाहेरच्या माणसाला. एका कोऱ्या रकान्यात लेकीची सगळी आस अडकली होती.

गाळीवरावांनी पेन खाली ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. कोऱ्या रकान्याचा अहवाल त्यांच्या हातून आजवर बाहेर गेला नव्हता. पण लेकीसाठी तोही गेला असता, हे कबूल करायला हवं. अडलं ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. त्यांच्या डोळ्यांपुढून ती गाडी जाईना. बंद इंजिन, जड चाक, आणि मान मागे वळवून, एक खांब न हलवता खाली उतरणारी ती. जिनं एवढं स्वच्छ काम केलं तिच्या परवान्याखाली हा असा कागद ठेवायचा? त्यांना ते जमेना. त्यांनी स्रोताच्या रकान्यात लिहिलं: "माझ्या घरच्या न्हाणीघरातला नळ. पाणी मी स्वतः, आठ दिवसांत, स्वच्छतेच्या हेतूने घातले." मग शेऱ्याच्या जागी आणखी एक ओळ घातली, सही केली आणि पळत सुटले.

वाटेत पंप लागला. रांग अजून होती. गाळीवरावांनी रांगेसमोरच व्यवस्थापकांना सांगून टाकलं. व्यवस्थापकांनी ऐकून घेतलं आणि तक्रारवही पुढे केली. तोंडी नको, म्हणाले, लिहूनच द्या. तेव्हा गाळीवरावांनी पंपाच्या तक्रारवहीत स्वतःविरुद्ध रीतसर तक्रार लिहिली. घोगऱ्या हॉर्नवाल्यानं साक्षीदार म्हणून सही केली, पण तो नाराज दिसला.

पाचला दहा कमी असताना ते परीक्षकांच्या कार्यालयात पोचले. बाहेरच्या बाकावर लेक आणि बायको बिस्किटांचा पुडा मधे ठेवून बसल्या होत्या. बायकोनं विचारलं, की फोन कशासाठी बाळगता. गाळीवरावांनी हात जोडले, नंतर सांगतो म्हणाले, आणि आत शिरले. त्या दोघीही मागोमाग गेल्या.

परीक्षकांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग पहिल्यांदाच त्यांनी गाळीवरावांकडे नीट पाहिलं.

"मुलीचा निकाल मी साडेअकरालाच लिहिला," ते म्हणाले. "पास आहे. बावीस वर्षं मी बंद पडलेल्या गाड्यांत बसलोय. लोक रडतात, मला शिव्या देतात, एक जण मला आत सोडून पळाला. 'सर, आधी तुम्ही सुखरूप उतरा', असं म्हणणारी ही पहिली."

"मग लेखी कशाला मागितलंत?" गाळीवरावांचा आवाज चिरकला.

"तुम्ही ओरडत होता, मागे नऊ उमेदवार खोळंबले होते. लेखी आणा म्हटलं की ओरडणारा माणूस जातो. परत आलेले तुम्ही पहिलेच."

म्हणजे ज्या वेळी गाळीवराव बरणी डोक्यावर धरून व्याख्यान देत होते, त्या वेळी लेकीच्या हातात परवान्याची पावती होती. तिनं सतरा वेळा फोन केला होता. बायको गॅरेजपर्यंत जाऊन आली होती. शेवटी, पाचला हे इथंच येणार, दुसरीकडे जातायत कुठे, असं म्हणून दोघी बाकावर येऊन बसल्या.

लेकीनं टेबलावरचा कागद उचलला आणि वाचू लागली. न्हाणीघराच्या नळापाशी तिला हसू आलं, ते तिनं कसंबसं दाबलं. मग ती शेऱ्यापाशी थांबली. तिथं लिहिलं होतं: "चालकाच्या क्लचमध्ये कोणताही दोष नव्हता. सकाळी गाडीत मी याच्या उलट मत दिले होते, ते चुकीचे होते व ते मी मागे घेत आहे."

"बाबा, हे केंद्राच्या कागदावर लिहिलंत?"

"नोंदीत राहायला हवं," गाळीवराव म्हणाले, आणि खिडकीशी जाऊन बाहेर काही नसताना बाहेर बघू लागले. लेक त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

तेवढ्यात मागे खाडकन शिक्का पडला. परीक्षकांनी त्या कागदावर आजची तारीख टाकून तो दाखल करून घेतला होता. कागद आला नसता तर प्रश्न नव्हता, त्यांनी समजावून सांगितलं. पण आता एका परवानाधारकानं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या सहीनं, टाकीत पाणी घातल्याचं कबूल केलंय. नियमाप्रमाणे त्याला "वाहनाची निगा" हा दोन तासांचा वर्ग करावाच लागेल. येत्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी, सकाळी नऊला.

त्या शनिवारी गाळीवराव वर्गात शेवटच्या बाकावर बसले. बाक शाळकरी मापाचे, गुडघे हनुवटीला लागत होते. आजूबाजूला नुकती मिसरूड फुटलेली मुलं आणि केसांत पेन खोचलेल्या मुली. लेकीनंच त्यांना येताना सोडलं होतं, रक्तपेढीच्या पांढऱ्या गाडीतून, कारण तिला त्याच वाटेनं दवाखान्यात जायचं होतं. वर्ग घेणाऱ्या बाईंनी फळ्यावर चढ काढला, त्यावर एक गाडी काढली आणि विचारलं, की गाडी इथं बंद पडली तर काय काय करायचं.

गाळीवरावांनी हात वर केला. मग ते उभे राहिले आणि एकेक पायरी सांगत गेले: हातब्रेक, दिवे, आरसा, शेजारच्याला कडेच्या बाजूनं आधी उतरवायचं, मागची गाडी हटवायची, मान वळवायची, हळूहळू, रेषेत, खाली. मुलं वळून बघत होती. बाई खडू हातात धरून ऐकत राहिल्या. म्हणाल्या, की पुस्तकातसुद्धा इतकं नीट दिलेलं नाही, कुठं शिकलात?

"माझ्या मुलीकडून," गाळीवराव म्हणाले आणि छाती काढून खाली बसले.

बाईंनी त्यांना पूर्ण गुण दिले, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या, आणि फळा पुसून पुढचा प्रश्न लिहिला: टाकीत पेट्रोल भरताना कोणती काळजी घ्यावी? मग त्या मोठ्या आशेनं शेवटच्या बाकाकडे बघू लागल्या. पण त्या वेळी गाळीवराव बाकाखाली वाकून बुटाची नाडी बांधत होते, आणि ती बांधून व्हायला त्यांना बराच वेळ लागला.